फामारामामांबरोबर नागोयापर्यंत

सहा दिवसांचा प्रवास झाला आणि त्यातले निदान पाच दिवस मी घाबरलेली होते. हे आधीच सांगून टाकते. लाल पानं, गरम पाण्याची कुंडं आणि बुलेट ट्रेनची खिडकी वाचायला मिळेल अशा आशेने कुणी बसलं असेल तर त्यांनी खुशाल उठावं. मी मुळात भित्री. जपानमधल्या फुनाबोरीत राहून सात वर्षं झाली, तरी फोनवर भूकंपाचा इशारा वाजला की मी आधी गॅस बंद करते, मग पासपोर्टची पिशवी उचलते आणि मग मुलीला हाक मारते. या क्रमावरून घरात माझी अजून थट्टा होते. माझा नवरा नितीन म्हणतो, "तू भीतीचं आगाऊ बुकिंग करतेस."

कार्यक्रम भरवणाऱ्या एका लहानशा कंपनीत मी अर्धवेळ दुभाषी आहे. इथे अशा कामाला आरुबाइतो म्हणतात. गेल्या नोव्हेंबरात आमच्या बॉस इशिदा-सान यांनी विचारलं, गांबियाहून एक मोठे संगीतकार येताहेत, सोबत त्यांचा भाचा. इचिकावा, किसोच्या खोऱ्यातलं एक गाव आणि नागोया, असे तीन कार्यक्रम. जाशील का? मी हो म्हटलं आणि रात्रभर त्यांना भात चालेल का, इथली थंडी सोसेल का, याचा विचार करत पडले.

इचिकावा

फामारा हे त्यांचं नाव. कोरा वाजवणाऱ्यांत त्यांच्या पिढीतला सगळ्यांत मोठा माणूस, असं जाणकार म्हणतात. कोरा म्हणजे भला मोठा अर्धा भोपळा, त्यावर ताणलेलं गाईचं कातडं, एक लांब दांडी आणि एकवीस तारा. मांडीसमोर उभा धरून दोन अंगठे आणि दोन तर्जन्यांनी वाजवतात. आमच्या सांगली-मिरजेकडचा तंबोऱ्याचा भोपळा माझ्या ओळखीचा, त्यामुळे पेटी उघडल्यावर मला एकदम माहेरचं कुणी भेटल्यासारखं झालं. तसं मी बोलून दाखवलं. ते हसले, उंच होते म्हणून जरा वाकले आणि माझ्या डोक्यावर हात ठेवून इंग्रजीत म्हणाले, "मग मला अंकल म्हण." भाचा एब्रिमा त्यांच्या बहिणीचा मुलगा, म्हणून माझ्या मनात ते लगेच मामा झाले, आणि दुसऱ्या दिवसापासून तोंडानेही मी मामाच म्हणू लागले.

इचिकावाचा कार्यक्रम छान झाला. आमच्या ओळखीची तीन मराठी कुटुंबं आली होती. शेवटी मामांनी नावांचं गाणं म्हटलं. त्यांचं घराणं जालींचं. जाली म्हणजे गावाची आठवण गळ्यात सांभाळणारे लोक. कोण कुणाचा मुलगा, कुणी कुणाला आसरा दिला, हे सगळं तोंडपाठ आणि सुरात. आमच्या आजोळी लहानपणी हेळवी यायचा, बैलावर बसून दारात वंशावळ म्हणायचा, खापरपणज्यापर्यंत. मला तोच आठवला.

गाण्याच्या मध्ये एक नाव दोनदा आलं. मला भाषा कळत नव्हती, पण नाव दोनदा आल्याचं कळलं, कारण दुसऱ्या वेळी शेजारी गिटार वाजवणाऱ्या एब्रिमाची बोटं क्षणभर थांबली. परतताना स्टेशनवर मामांनी मला तीनदा विचारलं, "हे कुठलं गाव?" मी तीनदा सांगितलं. लांबचा विमानप्रवास, उलटसुलट झालेली झोप, असं म्हणून मी स्वतःची समजूत घातली.

शिओजिरीची गाडी

शिंजुकूहून शिओजिरी आणि तिथे गाडी बदलून किसो. कोऱ्याच्या पेटीला वेगळं तिकीट, खिडकीची जागा. मला काळजी जेवणाची. मामा डुक्कर खात नाहीत आणि मी मासे, अंडीसुद्धा नाही. जपानी डब्यावरची बारीक अक्षरं वाचताना, मी दुभाषी असूनही, आम्ही दोघं सारखेच अडाणी दिसत होतो. शेवटी मी माझा डबा उघडला. पोळ्या, बटाट्याची भाजी आणि शेंगदाण्याची चटणी. चटणी जिभेवर ठेवली आणि मामा एकदम सरळ बसले.

"हे माझं गाव आहे," ते म्हणाले.

गांबियात शेंगदाणा आपल्या ज्वारीसारखा, हे मला तेव्हा कळलं. मामा सात वर्षांचे असताना नदीकाठच्या गोदामात दाण्याच्या पोत्यांवर बसून वडिलांचा कोरा ऐकायचे. वडील गावोगावच्या मुखियांकडे जाऊन वाजवत. मामांना चुकीच्या तारेला बोट लावलं की फटका मिळे, पण नाव चुकलं की जेवण मिळत नसे. सतरा-अठराव्या वर्षी पोत्यांच्या ट्रकवर बसून ते डाकारला गेले, लग्नांत वाजवलं, हॉटेलांत वाजवलं. एका माणसाने खोलीत गाद्या लावून त्यांची पहिली कॅसेट भरली. ती कॅसेट फेरीवाल्यांनी इतकी पसरवली, की गावी परतल्यावर बसचा ड्रायव्हर ती लावून मामांनाच म्हणाला, "असं वाजवायला शिक." पुढे युरोप, अमेरिका, मोठमोठे रंगमंच. हे सांगताना त्यांना पोत्यांचा वासही आठवत होता. मग मी विचारलं, "आज सकाळी न्याहारीला काय दिलं तुम्हाला?" ते खिडकीबाहेर बघत राहिले. समोर बसलेल्या एब्रिमाने हेडफोन कानात घातले होते, पण त्याच्या फोनचा पडदा काळाच होता.



किसो

खोरं अरुंद, दोन्ही बाजूंना काळपट हिरवे डोंगर, मध्ये खळाळणारी नदी. घरांच्या वळचणींना सोललेली पर्सिमॉनची फळं दोऱ्याला टांगून वाळत घातलेली, आपल्याकडे सांडगे-पापड गच्चीत घालतात तशी. पण ज्या झाडांची फळं काढायला घरात कुणी तरुण उरलेलं नाही, ती झाडं केशरी फळांनी लगडून तशीच उभी. आणि फळं उरली की अस्वलं येतात. गावभर पाट्या, चित्रासकट. आमच्या लॉजच्या मालकीणबाईंनी चाव्यांबरोबर प्रत्येकाला एक पितळी घंटा दिली. बाहेर पडताना वाजवत जायचं, म्हणजे अस्वल आधीच बाजूला होतं. आमच्याकडे पाहुण्याला गूळपाणी देतात, इथे घंटा. मी ती झोपतानासुद्धा उशाशी ठेवली.

कार्यक्रम बंद पडलेल्या शाळेच्या व्यायामशाळेत होता. साठ-सत्तर म्हातारी माणसं मांडीवर ब्लँकेट घेऊन बसली होती. मामा सुंदर वाजवत होते, पण नावांचं गाणं त्यांनी म्हटलंच नाही. कार्यक्रम दहा मिनिटं आधी संपला. आमच्या छापील वेळापत्रकात टाळ्यांनाही दोन मिनिटं दिलेली असतात, त्यामुळे इशिदा-सान यांचा लगेच फोन. मी सांगितलं, सर्दी झाली आहे. खोटं बोलायला मी त्या दिवसापासून सुरुवात केली.

दुसऱ्या दिवशी दुपारी तीनला चहा घेऊन त्यांच्या खोलीकडे गेले तर खोली रिकामी. दारात त्यांच्या सपाता होत्या, बूट नव्हते. खुंटीवर घंटा तशीच लटकत होती. आणि नेमका गावातला लाउडस्पीकर बोलायला लागला. नदीपलीकडच्या वाडीत अस्वल दिसलं आहे, कुणी घराबाहेर पडू नये. इतकं गोड, इतकं अदबशीर बोलणं, जणू उद्या पाणी बंद राहणार आहे.

एब्रिमा कुंडावर आंघोळीला गेला होता. त्याला बोलवायला हवं होतं, पण माझे पाय आधीच पळाले. मालकीणबाई मागून ओरडल्या, "मोठ्याने बोलत जा, गप्प राहू नका!" आता एकटीने मोठ्याने काय बोलायचं? मी एका हाताने घंटा बडवत रामरक्षा म्हणायला लागले. मधल्या ओळी भीतीने आठवेनात, मग पाढ्यांवर आले. तेराचा पाढा मी आयुष्यात इतक्या जोरात म्हटला नव्हता. प्रत्येक झुडूप मला काळं आणि केसाळ दिसत होतं. मामांना काही झालं तर काय, आणि माझ्या हातून झालं तर काय, एवढंच डोक्यात.

पूल ओलांडल्यावर ते दिसले. लगडलेल्या पर्सिमॉनच्या झाडाखाली दगडावर बसले होते. पायाशी अर्धी खाल्लेली फळं पडली होती आणि ती माणसाने खाल्लेली नव्हती.

"मामा, उठा. आत्ताच्या आत्ता उठा."

त्यांनी माझ्याकडे सौम्यपणे पाहिलं. "बस कधी आहे? बाबा गोदामात वाट बघत असतील."

मी त्यांचा हात धरला. गार पडला होता. मी घंटा वाजवत राहिले, त्यांना ओढत राहिले. पुलाच्या मध्यावर ते थांबले, नदीकडे बघितलं, आणि माझ्या लक्षात आलं की ते परत आले आहेत. त्यांच्या चेहऱ्यावर माझ्यापेक्षा जास्त भीती होती.

"एब्रिमाला सांगू नकोस," ते म्हणाले.

"त्याला कळायला नको का?"

"नागोयानंतर. नागोयाला माझं शेवटचं गाणं भरून घेणार आहेत. ते गावी जाईल, पोरांना ऐकवतील. त्यात सगळी नावं माझ्या तोंडून हवीत. एब्रिमाला कळलं तर तो उद्याच मला विमानात बसवेल." मग म्हणाले, "बोट तुटलं तर जालीला वाजवता येत नाही, एवढंच. पण जालीने नाव सोडलं तर तो मेलेला माणूस परत एकदा मरतो. आणि मारणारा मी."

त्यांना कागद हवा होता, आणि कागदाची लाजही होती. जालीच्या हातात कागद म्हणजे पोहणाऱ्याच्या कमरेला भोपळा. एब्रिमाने पाहिलं असतं तर सगळंच संपलं असतं. म्हणून त्यांनी विचारलं, तुझी लिपी इथे कुणाला वाचता येते? मी म्हटलं, या खोऱ्यात फक्त मला.

त्या संध्याकाळी दिवे लागायच्या आधी, कोतात्सूच्या ऊबदार टेबलात पाय घालून, मी नागरीत नावं उतरवून घेतली. त्या वेळी त्यांची आठवण लख्ख होती. सूर लावून एकेक नाव सांगत होते, पण प्रत्येक वेळी दोन-दोन. कुम्बा लामीन. सीरा बाकारी. मी विचारलं, यातलं त्याचं नाव कुठलं? ते म्हणाले, "लामीन. कुम्बा त्याची आई." मी मान हलवली आणि लिहिलं, लामीन. पुढे, बाकारी. हेळव्याच्या तोंडून मी कधी एकाही पणजीचं नाव ऐकलं नव्हतं. आमच्या घरी फ्रेममध्ये लावलेल्या वंशावळीच्या झाडालाही एक बाई नाही. आईचं नाव म्हणजे वरची माहिती, असं माझ्या हाताने परस्पर ठरवलं. शिवाय मला दुरून पटकन वाचता यायला हवं होतं, म्हणून एका ओळीत एक नाव, ठसठशीत. बापामागून मुलगा, चौतीस ओळी. शेवटची ओळ फामारा. कागद नीटनेटका झाला म्हणून मी मनात स्वतःची पाठही थोपटली.

नागोया

नागोयाबद्दल सांगण्यासारखं पुष्कळ असेल. रुंद रस्ते, मोटारींचे कारखाने, पुण्याहून आलेले इंजिनिअर, सगळ्यावर ओतलेलं सोयाबीनचं ते गडद मिसो. मी काही पाहिलं नाही. मी हॉटेलच्या खोलीत परवचा म्हणावा तशी चौतीस नावं घोकत होते. फोनवर मुलीने विचारलं काय करते आहेस, मी म्हटलं अभ्यास. ती म्हणाली, "गाम्बात्ते," म्हणजे नेट लाव, आणि फोन ठेवला.

कार्यक्रम दुपारी दोनला. ठरलं असं, की मी डावीकडच्या पडद्याआड उभी राहायचं. मामा अडले की माझ्याकडे वळतील, मी ओठ मोठे हलवून पुढचं नाव दाखवायचं. प्रेक्षकांना ते डोलताहेत असं वाटेल. सभागृह भरलेलं. इशिदा-सान हातात घड्याळ घेऊन माझ्या मागे. ध्वनिमुद्रणाचा लाल दिवा लागला तसा कागदाचा आवाज होईल म्हणून मी तो छातीशी दाबून धरला.

नावांचं गाणं सुरू झालं. अकराव्या नावाला ते वळले. मी ओठ हलवले. त्यांनी ते नाव असं उचललं, जणू कधी हरवलंच नव्हतं. एकविसाव्याला पुन्हा तेच. मधेमधे ते आणखी नावं घेत होते, माझ्या कागदावर नसलेली. ती आयांची होती, आणि ती त्यांना अजून येत होती, म्हणून मी निश्चिंत होते. तिसावं, एकतिसावं. तेहतिसावं, म्हणजे त्यांचे वडील. आता फक्त त्यांचं स्वतःचं.

ते वळले.

मी ओठ हलवले. फामारा.

त्यांनी अगदी हलकेच मान हलवली. नाही. त्याच्या आधी काहीतरी आहे. कोरा तेच चार सूर घोळवत राहिला. त्यांचे डोळे माझ्यावर खिळलेले. तेव्हा मला उमगलं, त्यांना काय हवं आहे. त्यांच्या नावाआधीचं नाव. त्यांच्या आईचं. किसोला त्यांनी ते सांगितलं होतं, मी ऐकलं होतं आणि लिहिलं नव्हतं. मी डोकं खणून काढलं. काहीही सापडलं नाही. मी कागद उलटा केला, मागच्या रिकाम्या बाजूकडे बघत राहिले. इतकी भीती मला अस्वलाच्या झाडाखालीही वाटली नव्हती. चार सूर फिरत होते आणि इशिदा-सान यांचा श्वास मला मानेवर जाणवत होता.

मग एब्रिमा पुढे झुकला आणि गिटार न थांबवता सुरात एक नाव म्हणाला. न्यीमा.

मामा त्याच्याकडे वळले. त्यांनी काहीतरी विचारलं, माइकमध्ये, गाण्याच्याच चालीत. एब्रिमाने उत्तर दिलं. मामांनी पुन्हा विचारलं, जरा मोठ्याने. एब्रिमा थबकला, मग त्याने दुसरं, लांबलचक उत्तर दिलं. आणि मामांचा चेहरा उजळला. डोळे मिटून ते गायला लागले. न्यीमा, न्यीमा. पाच मिनिटं, सात मिनिटं, मी घड्याळ पाहिलं नाही. असा आवाज त्या सहा दिवसांत मी ऐकला नव्हता. शेवटी त्यांचं स्वतःचं नाव आलं आणि सभागृह उभं राहिलं. इशिदा-सान वेळापत्रक विसरून रडत होत्या. त्या माझ्या कानात म्हणाल्या, "मामा-भाच्याची ती सवाल-जवाबाची जागा काय सुंदर होती."

आत मेकअपच्या खोलीत एब्रिमा गिटार पुसत बसला होता. मामा आतल्या बाजूला कपडे बदलत होते.

"तुला माहीत होतं," मी म्हटलं.

"उन्हाळ्यापासून. तुमचा कागदही माहीत होता. त्यांना बरं वाटत होतं, म्हणून गप्प राहिलो."

"स्टेजवर काय विचारत होते?"

त्याने दाराकडे बघितलं आणि आवाज खाली घेतला. "विचारलं, ही न्यीमा कोण? मी म्हटलं, तुमची आई. तर म्हणाले, माझ्या आईचं नाव मला माहीत नसेल का? ही दुसरीच कुणीतरी आहे, खरं सांग." तो त्याच त्या जागी फडकं फिरवत राहिला. "माझी आजी होती ती. तिनेच मला वाढवलं. मी सांगितलं, ती फार जुन्या काळातली राणी आहे, तिच्याच दारात आपलं घराणं उभं राहिलं. मग त्यांनी गायलं."

माझ्या हातात तो नीटनेटका कागद होता, चौतीस ओळींचा.

दार उघडलं. मामा स्वेटर घालून बाहेर आले, दमलेले आणि खूष. एब्रिमा पेटी आणायला बाहेर गेला. तो गेल्याची खात्री करून मामा माझ्याजवळ आले आणि हळू आवाजात म्हणाले, "एकही नाव सुटलं नाही ना?"

"नाही मामा. एकही नाही."

"आणि ती राणी? ती होती ना तुझ्या कागदावर?"

"होती," मी म्हटलं.